खात्र्यासाठी शॅम्पेन

मिहिका, ओजस, परवा फोनवर तुम्ही दोघं एकदमच बोलत होतात. मागे कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, पेले वाजत होते, आणि मिहिका ओरडून म्हणाली, ''आजी, नोकरी पक्की! आम्ही बबली उघडतोय!'' मी अभिनंदन केलं, गार पिऊन घसा धरवू नका म्हणाले आणि फोन ठेवला. आजीनं फोन फार लवकर ठेवला, तिला दारूचं नाव रुचलं नसेल, असं तुम्हाला वाटलं असणार. तसं नाही. तुम्ही मोठी झालात, काय प्यावं हे तुमचं तुम्हाला कळतं. पण तो शब्द ऐकला की मला अजूनही एका मेलेल्या माणसाचे ओठ दिसतात. हे असं का, ते तुम्हाला फोनवर सांगता येणार नाही, म्हणून माझ्या आठवणींच्या या प्रकरणात लिहून ठेवते.

शाळेत इंग्रजी शिकवत असताना मी मुलांना सांगायचे की शब्दाचा अर्थ कोशात मिळतो, पण तो कोणत्या घरात जातो आणि कोणत्या घराच्या पायरीवरून मागे फिरतो, हे कोश सांगत नाही. शॅम्पेन हा मूळचा एका फ्रेंच मुलखाचा शब्द. तिथल्या द्राक्षांची फसफसणारी वाइन ती शॅम्पेन, बाकीची नुसती स्पार्कलिंग वाइन, असं जाणकार म्हणतात. इंग्रजांनी तिला लाडानं बबली म्हटलं, जसं आपण घरातल्या धाकट्या पोरीला छबी म्हणतो. लग्न, बारसं, बढती, पाण्यात सोडलेलं नवं जहाज, शर्यत जिंकलेला माणूस, एवढ्या ठिकाणी हा शब्द जातो. हसऱ्या, बडबड्या मुलीलाही बबली म्हणतात, मुलग्याला सहसा म्हणत नाहीत. हल्ली तर नंदुरबारच्या साडीच्या दुकानातला पोऱ्या माझ्यापुढे फिकट सोनेरी साडी उलगडून सांगतो, ''आजी, हा शॅम्पेन कलर, ह्या सीझनला हाच चालू शे.'' त्यानं ती दारू पाहिलेली नाही आणि पाहायची त्याला गरजही नाही. एवढा हा शब्द फिरला. पण प्रेताजवळ बसलेल्या माणसांत तो गेल्याचं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या डोळ्यांदेखत मात्र तो तिथे गेला.

आम्ही तेव्हा गुजरातच्या हद्दीवरच्या खापर गावात राहत होतो. माझे वडील, म्हणजे नाना, दारूबंदी खात्यात सब-इन्स्पेक्टर होते. तुम्हाला नवल वाटेल, पण त्या काळी शेजारच्या गुजरातेत होती तशी दारूबंदी आपल्याकडेही होती, आणि हद्दीवरच्या नाक्यावर ये-जा करणाऱ्या गाड्या तपासणं, डोंगरातल्या हातभट्ट्या मोडणं हे नानांचं काम. आमचं सरकारी क्वार्टर नाक्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे चूल, आणि चुलीला लागून एक बिनखिडकीची कोठी. नाक्यावर कुलूपबंद जागा नसल्यानं पकडलेला मुद्देमाल, म्हणजे पुराव्याचा माल, धुळ्याला जाईपर्यंत त्या कोठीत राहायचा. घराचा दिवस आवाजांनी उलगडायचा. पहाटे गावातल्या जात्यांची घरघर, मग नाक्यावरचा बांबू खाली पडल्याचा दणका, थांबवलेल्या ट्रकवाल्यांच्या शिव्या, नानांच्या सायकलची घंटी, आणि सूर्य वर आला की मोगीमावशीच्या पायातल्या कड्यांचा खणखणाट.

मोगीमावशी खापरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका डोंगरपाड्यावरून आमच्याकडे दळण-कांडण आणि भांडी करायला यायची. तिची घरची बोली भिली, ती आम्हाला एक अक्षर कळत नसे. आईशी ती अहिराणीत बोलायची, आणि आईला तिच्याशी बोलताना जेवढं मोकळं वाटायचं तेवढं नानांशी बोलतानाही वाटत नसावं. कारण नानांनी घरात अहिराणीला मनाई केली होती. ते समोर असले की मी आईला ''आई'' म्हणायचे, त्यांची सायकल वळणापलीकडे गेली की ''माय''. दोघी चुलीपाशी बसून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापायच्या, उडदाची दाळ घोटायच्या, उन्हाळ्यात ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या घालायच्या आणि सगळ्या गावाची चेष्टा करायच्या. मोगीमावशीचा नवरा खात्र्या अबोल होता. दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गुजरातेत जायचा आणि येताना तिच्यासाठी बांगड्या आणायचा, त्या नेहमी लहान व्हायच्या. ''त्याले मन्हा हातच ठाऊक नही वं,'' असं म्हणून ती हसायची. त्या बांगड्या ती माझ्या हातात चढवायची.

रात्रीचं जेवण झालं की नाना इंग्रजीचा एक शब्द द्यायचे. आधी कोशातला अर्थ, मग स्पेलिंग, मग वाक्यात उपयोग. एकदा हद्दीवर एका कंत्राटदाराची मोटार पकडली आणि तिच्यात दमणहून आलेल्या बाटल्या निघाल्या. बाकीचा माल धुळ्याला गेला, एक बाटली मात्र पंचनाम्यात वेगळी दाखवायची म्हणून कोठीत राहिली. जाड हिरवी काच, गळ्याला सोनेरी कागद, बुचाला तारेची जाळी. त्या दिवशी अर्थातच तोच शब्द आला. नानांनी अर्थ सांगितला. धुळ्याचे त्यांचे जुने साहेब इंग्रजांच्या हाताखाली काम केलेले होते, ते हिला बबली म्हणतात, हेही सांगितलं. तार कशी पिळून सोडवायची, बूच कसं उडतं, हे त्यांनी पाण्याच्या तांब्यावर अंगठा ठेवून दाखवलं. मग म्हणाले, ''वाक्य.'' मी लिहिलं, दे ड्रँक शॅम्पेन ॲट द वेडिंग. आई आतून भांडी आवरता आवरता म्हणाली, ''लग्नात कोणी दारू पितं का?'' नाना म्हणाले, ''सुधारलेल्या देशांत पितात. बेताची पितात आणि आनंदाची पितात. आपल्याकडची पितात ती बरबाद व्हायला.'' त्यांना खरंच तसं वाटायचं. ते वाईट नव्हते. दारूनं मोडलेली घरं त्यांनी पाहिली होती आणि आपण माणसं वाचवतो आहोत या खात्रीवर ते झोपत आणि उठत.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी पावसानं लवकर पाठ फिरवली आणि फार उकडत होतं. सणासाठी पाड्यांवर दारू गाळतील म्हणून नानांनी शिपाई घेऊन डोंगरात धाड घातली. भट्ट्या फोडल्या, मडकी फोडली, सडवा, म्हणजे भिजवून आंबवलेली मोहाची फुलं, ओढ्यात लोटला, आणि साठवणीतली वाळलेली फुलंसुद्धा रॉकेल टाकून जाळली. पुन्हा भट्टी लावायला फुलंच राहू नयेत, ही नानांची युक्ती होती. संध्याकाळी जेवताना ते समाधानानं म्हणाले, ''आता होळीपर्यंत त्या सगळ्या पट्ट्यात थेंब मिळायचा नाही.'' आणि ते खरं होतं. मोह वर्षातून एकदाच फुलतो.

दुसऱ्या दिवशी मोगीमावशी नेहमीसारखी आली. दळण दळलं, भांडी घासली, पण बोलली नाही. आईनं विचारलं, ''काय व्हयनं वं? तोंड काब्रं उतरेल शे?'' तर म्हणाली, ''काही नही. डोकं दुखस.'' त्यानंतर ती आलीच नाही. नाना धाडीतले सीलबंद नमुने घेऊन धुळ्याला गेले, आणि त्याच सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. अंगावरचं लुगडं मळलेलं, पायात कडी नव्हती. ती ओट्यावर चढली नाही. खालूनच आईला म्हणाली, ''खात्र्या गया.''

धाडीच्या वेळी खात्र्या ओढ्यावर बैलाला पाणी पाजत होता. भट्टी त्याची नव्हतीच. पण खाकी कपडे दिसताच भट्टीवाले पळाले, आणि सगळे पळाले म्हणून तोही पळाला. दरडीवरून घसरला आणि छातीवर खडकात आपटला. झोपडीत तो तोंडातून रक्त टाकत पडला होता, आणि मोगीमावशी आमच्या घरी ज्वारी दळत होती. दवाखान्यात न्यावं तर कुठे पडला, कसा पडला हे सांगावं लागलं असतं. साहेबाच्या घरी तर सांगायची सोयच नव्हती. आई एकदम खाली बसली. ''आनि तू दळत व्हतीस? मन्हा घरनं?''

मोगीमावशी रडायला आली नव्हती. तिला दारू हवी होती. त्यांच्यात मूल जन्मलं, सोयरीक जमली, भांडण मिटलं, नवं धान्य घरात आलं की पळसाच्या पानाच्या द्रोणातून मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडतात आणि आधी गेलेल्यांची नावं घेतात. माणूस मेला की धार सोडतात आणि दोन थेंब त्याच्या तोंडात घालतात. त्या वासावरून आधीचे लोक ओळखतात की हा आपला आहे, आणि त्याला न्यायला येतात. धारेशिवाय उचललेला माणूस कुणाचाच राहत नाही, रानात भटकत राहतो. खात्र्या आदल्या सकाळी गेला होता. पाड्यावर थेंब नव्हता. शेजारच्या पाड्यांवर माणसं धावली, तिथेही सगळं ओतलेलं किंवा भीतीनं लोकांनीच ओतून टाकलेलं. फुलं असती तरी सडवा तयार व्हायला दिवस लागले असते, आणि या उकाड्यात प्रेत थांबणार नव्हतं.

''साहेबनी कोठीमा काही व्हई ना?'' तिनं विचारलं. एवढ्या वर्षांत तिनं आईकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

आईनं कोठीची किल्ली काढली. नमुने तर नानांच्या पिशवीतून धुळ्याला गेले होते. आत रिकामे डबे, तुटक्या नळ्या आणि ती एक हिरवी बाटली. आईनं ती उचलून माझ्यापुढे धरली. ''वाच. हाई दारूच शे ना?''

मी लेबल वाचलं. ''दारूच आहे, माय. पण ही आनंदाची असते. लग्नाबिग्नातली.''

''दारू शे ना?''

''शे.''

''मग झायं.''

मोगीमावशी बाटलीकडे पाहत म्हणाली, ''हाई कोणता झाडनी?''

''द्राक्षाच्या वेलाची,'' मी म्हणाले. तिनं द्राक्ष कधी पाहिलं नव्हतं. तिनं बाटलीला हात लावून पाहिला आणि काढून घेतला.

नवऱ्याच्या ताब्यातला सरकारी पुरावा आपण काढतो आहोत, हे आईला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, ''तुन्हा बापले मी सांगसू. तू चाल, तुले ते तारनं उघडता येस.'' मोगीमावशीला बाटली घेऊन नाक्यावरून कुणी जाऊ दिलं नसतं. साहेबाच्या बायकोला कोण अडवणार? आईनं टोपलीत बाटली आडवी ठेवली, तिच्यावर फडकं आणि फडक्यावर भाकरी रचल्या. दुःखाच्या घरी शेजाऱ्यांनी भाकरी न्यायच्या असतात, तेव्हा टोपली संशयाची नव्हती. तरी नाक्यावरच्या शिपायाला राहवलं नाही. ''बाईसाहेब, उन्हमा कोठे चालन्यात? टोपलामा काय शे?''

''तुन्ही सासूनं मुंडकं शे. दखाडू का?''

तो खो खो हसला आणि त्यानं बांबू वर केला. आई मागे वळून न पाहता पुढे झाली.

वर चढायला आम्हाला खूप वेळ लागला. टोपली डोक्यावर, ऊन रणरणतं, वाट दगडांची. आज कुणालाही सांगता येईल की असल्या बाटलीला ऊन आणि हिसके दोन्ही चालत नाहीत. आम्हा तिघींपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. नानांनी शिकवलेल्या धड्यात तेवढं नव्हतं.

खात्र्याला झोपडीपुढच्या मांडवात खाटेवर ठेवलं होतं. वास सुटला होता. बायका एका सुरात त्याच्याशी बोलल्यासारखं रडत होत्या, मध्येच कुणीतरी ढोलावर एकच टिपरी मारायचं आणि सगळं थांबायचं. आम्हाला पाहून तो सूरही थांबला. साहेबाची बायको म्हणून आईला तिथे सगळे ओळखत होते, आणि आमच्यासमोर ते अहिराणीतच बोलले. खात्र्याचा धाकटा भाऊ दमण्या उठून समोर आला. मोगीमावशीनं भाकरी बाजूला करून बाटली बाहेर काढली तसा तो ओरडला, ''आमनी ओती टाकी, आनि आते सोतानी पाजाले उनात!''

''तुन्हा भाऊ पडेल शे रे,'' मोगीमावशी म्हणाली. ''तुन्हा राग नंतर काढ.''

धार सोडायचा मान पाड्याच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याचा. त्यानं बाटली हातात घेतली, सूर्याकडे धरून आतलं पाहिलं, सोनेरी कागद नखानं खरवडला. मग आईकडे वळून, भांडणाच्या नव्हे, चौकशीच्या आवाजात विचारलं, ''पाहुणी, हाई कोणता झाडनी शे?''

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, ''वेलाची.''

''आमना मोठा लोकेसले मोह ठाऊक शे. वेल ठाऊक नही.'' खाटेशी बसून माशा उडवणाऱ्या बाईनं फांदी हलवली. शेवटी तो म्हणाला, ''दारू शे. इतली लांबथून उनी शे. इचारी दखू.'' वाडवडिलांना विचारून पाहू, असं त्याला म्हणायचं होतं. दमण्यानं पळसाचा द्रोण पुढे केला.

मी खाटेशेजारी उकिडवी बसले आणि नानांनी दाखवलं होतं तशी तार पिळून सोडवली. बुचाला हात लावायची वेळच आली नाही. बंदुकीसारखा आवाज झाला. चार दिवसांपूर्वी धाड पाहिलेली माणसं ती. बायकांनी मुलांना पोटाखाली घेतलं, मांडवातली अर्धी माणसं टेकडीकडे धावली, एक म्हातारी ''उनात, उनात'', म्हणजे आले, आले, असं ओरडत जमिनीवर आडवी झाली. आणि बाटलीतून पांढरा फेस उसळला, थांबेच ना. तो माझ्या हातांवरून, खाटेवरून, खात्र्याच्या छातीवरून, त्याच छातीवरून, खाली वाहिला. मी बाटलीचं तोंड दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं तरी तो बोटांतून निसटत राहिला. संपला तेव्हा तळाशी थोडीशीच उरली होती.

पळालेले लोक हळूहळू परत आले. पुजाऱ्यानं उरलेली द्रोणात ओतून घेतली, आणि नावं घेत तिची धार जमिनीवर सोडली. मोहाची धार पडली की माती ती लगेच पिते. ही प्यायली गेली नाही. तिचे बुडबुडे मातीवर तसेच बसून राहिले, चुरचुरत, आणि सगळे त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यानं खात्र्याचे ओठ विलगून शेवटचा घोट आत सोडला. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याच्या ओठांच्या कडेनं पांढरा फेस वर आला, फुगला आणि हनुवटीवरून ओघळला.

मोगीमावशी किंचाळली. त्याचा श्वास आला असं तिला वाटलं. तिनं त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, त्याला हाका मारल्या, गालावर थापट्या मारल्या. फेस बसला. पुजाऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ''घेदी नही त्यानी,'' तो म्हणाला. त्यानं घेतली नाही. मग त्यांनी त्याला तसंच उचललं. काय करणार होते? आम्हाला जा असं कुणी म्हटलं नाही. वाट मात्र सगळ्यांनी सोडून दिली, आणि आम्ही दोघी रिकामी टोपली घेऊन खाली आलो.

आमच्या शेजारच्या मंगल कार्यालयात हल्ली केक कापताना खोटी शॅम्पेन उडवतात, साखरेचं पाणी असतं ते. आवाज झाला की पोरं टाळ्या पिटतात. मी खिडकी लावून घेते. सून म्हणते, ''आई, तुम्हाला गोंगाट सहन होत नाही.'' मी हो म्हणते.

नाना परत आले तेव्हा आई ओट्यावरच बसली होती. त्यांनी कोठी उघडली, बाहेर आले.

''मुद्देमालातली बाटली कुठं आहे?''

''दिली.''

''कुणाला?''

''खात्र्याला.''

''कोण, मोगीचा खात्र्या? तो कशाला...''

''मेला तो. तुमच्या धाडीत पळाला, दरडीवरून पडला. त्याच्या धारेला दिली.''

नानांनी विचारलं, ''त्याची भट्टी होती?'' आई म्हणाली, ''बैलाला पाणी पाजत होता.'' बाटली उकाड्यानं फुटली असं नानांनी वर कळवलं. कंत्राटदाराला खटला मिटायलाच हवा होता, त्यामुळे खोलात कुणी गेलं नाही. नानांना हलगर्जीचा ठपका आला आणि बढती राहिली. त्यानंतर जेवण झाल्यावर ते एकटेच ओट्यावर जाऊन बसायचे. कोश कपाटात राहिला. पुढचं इंग्रजी मी माझं मी शिकले.

मोगीमावशी परत कामाला आली, कारण पोटाला हवं होतं. दळताना ती अचानक हात थांबवून मागच्या रानाकडे कान द्यायची. तो तिथेच फिरतो आहे, भट्टीच्या ओढ्यापासून घरापर्यंत येतो आणि घर ओळखत नाही, असं ती आईला सांगायची. आई तिला खोटा धीर द्यायची नाही. होळी उलटली, मोहाखाली पहाटे फुलांचा सडा पडायला लागला, पण पाड्यावर खात्यानं दोन शिपाई कायमचे बसवले होते. तिथे चूलसुद्धा विचारून पेटवावी लागे. एके दिवशी मोगीमावशीनं पदरात बांधून आणलेली फुलं आईपुढे ठेवली. आईनं विचार केला नाही. ''मन्हा चुल्हावर कर,'' ती म्हणाली. ''आठे कोण धाड टाकी?''

सडवा आमच्या कोठीत भिजला. तो वास तुम्हाला सांगून कळणार नाही, गोड, जड, सगळ्या घराच्या अंगाला चिकटणारा. नानांना तो वास दोन शेतं लांबून यायचा, त्यावरच त्यांनी नोकरी केली होती. त्या सगळ्या दिवसांत ते घरी आले, ओट्यावर बसून जेवले आणि आत आले नाहीत. ज्या दिवशी चुलीवर मडकं चढवलं, वरच्या भांड्यातलं गार पाणी मी बदलत होते आणि नळीतून पहिले थेंब पडायला लागले, त्या दिवशी ते भर दुपारी घरी आले. मागच्या दाराशी उभे राहिले. आई उठून दारात आडवी झाली.

''आत काय चाललंय?''

आईनं त्यांना पहिल्यांदाच अहिराणीत उत्तर दिलं. ''मोगीना नवरानी वाट करी ऱ्हायनूत.''

''तुला माहीत आहे, मला कायद्यानं...''

''कायदाले सांगा, स्वयंपाक चालू शे.''

नाना तिच्या खांद्यावरून चुलीकडे पाहत राहिले. मग पुढच्या ओट्यावर जाऊन बसले, आणि काम घेऊन आलेल्या शिपायाला त्यांनी फाटकातूनच परत लावलं. दारू गाळून झाली, कळशीत भरली, कळशीच्या तोंडाला मोगीमावशीनं पळसाची पानं बांधली. ती कळशी डोक्यावर घेऊन ओट्यासमोर आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नाना उठले. खाकी टोपी डोक्यावर नीट बसवली आणि पायरी उतरत म्हणाले, ''मी बरोबर येतो. नाक्यावर आणि वर पाड्यावरही, कुणी तुला अडवणार नाही.''

मोगीमावशी थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. घरातल्या माणसाला काळजीनं सांगावं तसं ती म्हणाली, ''साहेब, तुमी आठेच ऱ्हा. तो तुमले दखीसन परत पळी जाई.''

नाना पायरीवरच थांबले. आईनं चपला घातल्या आणि ती मोगीमावशीबरोबर चालू लागली.